एसीवर दीड पान, साखरेवर अर्धी ओळ

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : वय ३९. माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू हलतच नव्हती. डोळा मिटेना, कपाळावर आठी पडेना. घरच्यांना वाटलं पक्षाघात. डॉक्टरांनी तपासून ‘बेल्स पाल्सी’ म्हणजे चेहऱ्याचा लकवा असल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. आता डोळा जवळजवळ मिटतो, पण हसले की तोंड डावीकडे ओढलं जातं. आदल्या रात्री नवऱ्याच्या हट्टामुळे एसी फार गार ठेवला होता आणि झोत थेट माझ्या गालावर येत होता. आई म्हणते, त्यानंच हे झालं. नवरा दुखावलाय, दुसऱ्या खोलीत झोपतो. मला स्वतःला वाटतं, कामाचा ताण भोवला. तसं त्याच्या दोन दिवस आधीपासून कानामागे ठणकत होतं, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. मावशीलाही तरुणपणी असंच झालं होतं म्हणे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या वेळी माझी साखर वाढली होती, नंतर ठीक झाली. शाळेत मी ‘दातांचं मोठं काम चालू आहे’ असं सांगून रजा घेतली आहे. ती दोन आठवड्यांत संपेल. एवढा दुर्मीळ आजार मलाच का व्हावा? कशामुळे झाला? मुलीला होईल का? आणि रजा वाढवू की नोकरीच सोडू?

उत्तर :

तुमचं पूर्ण पत्र वाचताना एक गोष्ट नजरेत भरली. एसीवर तुम्ही दीड पान लिहिलंय. तापमान किती होतं, झोत कुठून येत होता, कोण काय म्हणालं, सगळं तपशीलवार. आणि गरोदरपणी वाढलेल्या साखरेवर जेमतेम अर्धी ओळ, तीही मुलीबद्दल सांगता सांगता सहज आलेली. मी तपासनीस असते तर एसीला सोडून त्या अर्ध्या ओळीच्या मागे लागले असते. त्याकडे येतेच.

आधी ‘दुर्मीळ’ या समजाबद्दल. हा आजार दुर्मीळ नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दरवर्षी लाखामागे साधारण १५ ते ३० जणांना नव्यानं बेल्स पाल्सी होते, असं दिसतं. म्हणजे दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षाला दीडशे ते तीनशे माणसं. आठवड्याला तीन ते सहा जण सकाळी आरशात पाहून तुमच्यासारखेच हादरतात. आणि वर्षाचा आकडा न बघता सबंध आयुष्याचा हिशेब केला, तर साठ-सत्तर माणसांमागे एकाला कधी ना कधी हे होतं. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा हे तुम्हीच करून पाहा : तुमच्या शाळेत विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून दीड हजार माणसं असतील, तर त्यांतल्या वीस-पंचवीस जणांच्या आयुष्यात ही सकाळ येऊन गेली आहे किंवा यायची आहे.

मग ती माणसं दिसत का नाहीत? कारण त्यांतली बहुतेक पूर्ण बरी होतात आणि चेहऱ्यावर खूणही राहत नाही. बरा झालेला माणूस सांगत बसत नाही. ज्यांचं थोडं राहून जातं ती माणसं फोटोत मान वळवतात, हसताना तोंडावर हात धरतात. आणि ज्यांचं ताजं असतं ती दातांचं काम काढतात! तुम्ही रागावू नका, पण तुमच्यासारख्यांच्या त्या थापेमुळेच हा आजार दुर्मीळ वाटतो. तुमच्या शिक्षकखोलीतही एखादं जुनं ‘दातांचं काम’ बसलेलं असू शकतं.

आता ‘मलाच का’. या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे : काही तरी चुकलं म्हणून झालं. ते तपासायचं तर आत नेमकं काय घडतं ते पाहावं लागेल.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक मज्जातंतू असतो, सातवा. तो मेंदूच्या बुडापासून निघतो आणि कानामागच्या हाडातून, एका अरुंद वळणावळणाच्या बोगद्यातून, साधारण तीन सेंटिमीटर प्रवास करून चेहऱ्यावर येतो. बोगद्याच्या तोंडाशी वाट सर्वांत अरुंद, एक मिलिमीटरहूनही कमी. तंतूला सूज आली की फुगायला जागाच नाही. बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तसा तो त्या हाडात आवळला जातो आणि संदेश पोचेनासे होतात. हाच तंतू जिभेच्या पुढच्या भागाची चव पोचवतो, कानातला एक चिमुकला स्नायू सांभाळतो आणि अश्रूंवरही त्याचा ताबा असतो. म्हणून कुणाला चव बेचव लागते, कुणाला भांड्याचा आवाज कानात घुसल्यासारखा वाटतो, कुणाचा डोळा कोरडा पडतो. आणि कानामागे ठणकतं.

ते ठणकणं तुम्हाला एसीच्या रात्रीच्या दोन दिवस आधीपासून होतं. हे तुम्हीच लिहिलंय, आणि त्यावरून पुढे निघून गेलात. कानामागची वेदना ही या आजाराची बऱ्याचदा पहिली चाहूल असते. लुळेपणा त्यानंतर काही तासांत ते दोन-तीन दिवसांत उतरतो. एसीचा झोत तुमच्या गालावर आला त्या रात्री हाडाच्या आत सूज बहुधा आधीच धरली होती. तुमच्या आईंना हे जरूर वाचून दाखवा. नवऱ्यालाही.

सूज कशामुळे येते? आजवरचा सर्वांत भक्कम संशय आहे तो ओठांवर ज्वराचे फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूवर. लहानपणी कधी तरी तो बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि मज्जातंतूंच्या गाठींत निमूट पडून राहतो. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अशा १४ रुग्णांच्या तंतूभोवतालचा द्रव तपासला, तेव्हा ११ जणांत या विषाणूचे अंश सापडले. पण निव्वळ विषाणू मारणारी औषधं देऊन फारसा फरक पडत नाही, तेव्हा गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. तुमच्या बाबतीत तो का जागा झाला, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यासकट.

थंड वाऱ्याबद्दलचा समज मात्र जगभर आहे, त्यामुळे लोकांनी तो तपासूनही पाहिला आहे. अमेरिकी लष्करातल्या जवानांच्या १९९७ ते १९९९ या काळातल्या नोंदींत थंडीच्या महिन्यांत आणि कोरड्या हवेच्या प्रदेशांत प्रमाण जरा जास्त दिसलं. दुसरीकडच्या काही पाहण्यांत ऋतूंचा काहीच संबंध लागला नाही. म्हणजे फार तर असं म्हणता येईल, की गार-कोरड्या हवेचा थोडाफार हात असू शकतो. पण त्या हवेत लाखो माणसं झोपतात आणि सकाळी नीट चूळ भरतात. एका रात्रीच्या झोतावरून एका नवऱ्याला दोषी ठरवण्याइतका हा पुरावा नाही. ताणाचंही जवळपास तसंच. ताण होता हे खरं, पण ताण नसलेला आठवडा तुम्हाला आठवतो का? झालेल्या गोष्टीला मागे वळून कारण शोधायला निघालं की ताण हमखास सापडतो.

ज्या घटकांचा संबंध जास्त भरवशाचा आहे ते मात्र फारसं कुणाच्या तोंडी नसतात. गरोदरपण, त्यातही शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांत तर अधिकच. मधुमेह. उच्च रक्तदाब. लठ्ठपणा. नुकताच होऊन गेलेला सर्दी-तापाचा संसर्ग. वय कोणतंही चालतं, पण दहा वर्षांखालच्या मुलांत प्रमाण सर्वांत कमी असतं. स्त्री-पुरुष आणि उजवी-डावी यांत मोठा फरक नाही. कोविडच्या लसींच्या चाचण्यांत मोजक्या जणांना हा त्रास झाल्यावर बरीच चर्चा झाली. पण प्रत्यक्ष कोविडच्या संसर्गानंतर हा धोका लशीनंतरच्या धोक्याहून जास्त असल्याचं पुढच्या पाहण्यांत दिसलं.

‘संबंध आहे’ याचा अर्थ ‘त्यामुळेच झालं’ असा मात्र घेऊ नका. समजा एखाद्या घटकानं शक्यता दुप्पट झाली. लाखामागे ३० ऐवजी ६०. तरी उरलेल्या ९९,९४० जणांना त्या वर्षी काहीच होत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं, ज्यांना होतं त्यांतल्या कित्येकांत यादीतला एकही घटक नसतो. या यादीचा उपयोग गुन्हेगार पकडायला नाही. पुढे काय तपासून घ्यायचं, एवढं ती नीट सांगते.

तर आता ती अर्धी ओळ. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. ‘नंतर ठीक झाली’ ही नऊ वर्षांपूर्वीची बातमी आहे. त्यानंतर तुम्ही दर वर्षा-दोन वर्षांनी साखर तपासत आला आहात का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. काही माणसांचा मधुमेह असा चेहरा लुळा पडल्याच्या निमित्तानंच पहिल्यांदा उघडकीला येतो. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही; मी तुम्हाला तपासलेलं नाही. पण या आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, करून घ्या. सोबत रक्तदाबही मोजा. तुम्हाला दिलेल्या गोळ्या स्टेरॉइडच्या असणार, आणि त्यांनी काही दिवस साखर चढते. गोळ्या केव्हा सुरू झाल्या, केव्हा संपल्या हे डॉक्टरांना सांगा, म्हणजे आकड्यांचा अर्थ ते नीट लावतील. आणि ही तपासणी गरोदरपणाची कहाणी सांगून मागा. बायकांच्या बाळंतपणातल्या नोंदी पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत, त्या आपणच पोचवाव्या लागतात.

मावशीबद्दल : या आजाराच्या रुग्णांपैकी साधारण ४ ते १४ टक्के लोकांच्या घरात आणखी कुणाला तो झालेला असतो. म्हणजे काही कुटुंबांत कल असतो, बहुधा त्या हाडाच्या बोगद्याच्या ठेवणीमुळे, असा एक तर्क आहे. पण बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरं कुणीही नसतं, आणि मुलीचं म्हणाल तर तिच्या वयात हे प्रमाण तळाशी आहे. समजा कधी झालंच, तर मुलं मोठ्यांपेक्षाही चांगली बरी होतात. मुलीच्या कानाला मफलर बांधून ठेवण्याची गरज नाही. तिला तिची आई आजारी आहे आणि बरी होते आहे, एवढं सरळ सांगितलेलं पुरे. नऊ वर्षांची मुलं कुजबुज ऐकून मनात काय काय रचतात, ते शिक्षिकेला मी काय सांगू?

तुमच्यासारखी पत्रं वाचणाऱ्या इतरांसाठी इथे जरा थांबते, कारण चेहरा वाकडा झाला म्हणजे प्रत्येक वेळी बेल्स पाल्सीच, असं समजणं धोक्याचं आहे. एका बाजूचा चेहरा लुळा पडलेल्यांत ती सर्वांत जास्त, साधारण दोन-तृतीयांश किंवा त्याहून थोडी अधिक. बाकीच्यांची कारणं वेगळी असतात. पक्षाघातात बऱ्याचदा चेहऱ्याचा खालचा भाग ओघळतो, पण कपाळावर आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. बेल्समध्ये कपाळही गुळगुळीत होतं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला भुवया उचलायला सांगितल्या असतील त्या यासाठी. पण ही परीक्षा घरी करून निश्चिंत होऊ नका. चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय गळाला, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोल गेला, तर एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठा. कानात किंवा कानाभोवती फोड आणि भयंकर वेदना असतील तर ती नागीण असू शकते. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. कान वाहत असेल, गालात गाठ लागत असेल, दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या असतील, किंवा लुळेपणा आठवडे-महिने हळूहळू वाढत आला असेल, तर बेल्सचं लेबल लावून मोकळं होऊ नये. बेल्स पटकन येते. सावकाश येतं ते दुसरं काही तरी असतं.

आणि वेळेचं महत्त्व. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा खरा फायदा पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या गोळ्या घेतलेल्यांपैकी ८३ टक्के लोक तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४ आणि ८२ होते. कुणाच्या सांगण्यावरून लेप-शेक-मालिश करत आठवडा घालवणाऱ्यांनी या दोन आकड्यांमधला फरक वाचावा. तुम्ही पहिल्याच दिवशी गेलात. सगळ्या घरानं एकमेकांना दोष देण्यात हे विसरून टाकलंय, पण या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. तो कुणी घेतला? नवऱ्यानं गाडी काढली असेल तर त्याचंही श्रेय एसीच्या खात्यावर वळतं करा.

आता पुढचं. डेन्मार्कमध्ये एका डॉक्टरांनी पंचवीस वर्षं रुग्णांचा पाठपुरावा केला, काहीही औषध न देता. बेल्स पाल्सीचे १७०० हून अधिक रुग्ण. त्यांतले ७१ टक्के पूर्ण बरे झाले. सुमारे ८५ टक्क्यांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच हालचाल परतायला लागली होती, बाकीच्यांत तीन ते पाच महिन्यांनी. यातून तुमच्यासाठी निघतं ते असं : हालचाल लवकर सुरू होणं हे चांगलं लक्षण, आणि तुमची सुरू झाली आहे. सहाव्या आठवड्यात डोळा जवळजवळ मिटतो, ही प्रगती आहे. ‘अजून हसू सरळ नाही’ हे सहाव्या आठवड्यात म्हणणं म्हणजे पहिल्या घटक चाचणीवरून वार्षिक निकाल लावणं.

तोवर डोळा सांभाळा. चेहऱ्यापेक्षा तो महत्त्वाचा. ‘जवळजवळ मिटतो’ यातलं ‘जवळजवळ’ झोपेत बुबुळाला महागात पडू शकतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना डॉक्टरांनी दिलेलं मलम, पापणी उघडी राहत असेल तर ती अलगद चिकटपट्टीनं बंद करायची, बाहेर पडताना चष्मा. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. उरला व्यायाम. आरशासमोर बसून हळुवार, छोट्या हालचाली. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. जोर लावून तोंड वेडंवाकडं करू नका. तंतू पुन्हा जोडले जाताना कधी कधी चुकीच्या स्नायूकडे जातात, मग हसताना डोळा बारीक होतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. असं होऊ लागलं तर त्यावरही उपचार आहेत, पण ताकद लावून ते आपण वाढवू नये. विजेचे झटके देणाऱ्या यंत्राचा आग्रह कुणी धरला तर घाई करू नका. त्याचा पुरावा कच्चा आहे.

आणि नोकरी. तुम्ही दोनच पर्याय दिलेत : रजा वाढवणं आणि राजीनामा. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की चेहरा पूर्ववत झाल्याशिवाय वर्गासमोर उभं राहता येत नाही. हा नियम कुणी केला? तुमच्या मुख्याध्यापकांनी नाही, त्यांना तर तुमचं दातांचं काम चालू आहे असंच माहीत आहे.

कॅनडाचे पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ यांना कोवळ्या वयात हाच लकवा झाला आणि तोंडाची एक बाजू कायमची अर्धवट राहिली. १९९३ च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षानं त्यांच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत दाखवून, हा आपला पंतप्रधान शोभेल का, अशा अर्थाचा सूर लावला. लोक एवढे भडकले की जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. क्रेतिएँ जिंकले आणि २००३ पर्यंत पंतप्रधान राहिले. समोरच्या पक्षाच्या जागा दोनवर आल्या. त्या पराभवाला इतरही कारणं होती, पण वाकड्या तोंडानं दहा वर्षं देश चालवता येतो एवढं त्यातून कळतंच. इयत्ता नववीला बीजगणित त्या मानानं सोपं असावं. (किंवा नसेल. हे तुम्हीच जास्त जाणता.)

राजीनामा तर आज अजिबात नको. ज्याचा निकाल अजून लागायचा आहे अशा आजारावर कायमचा निर्णय घेऊ नये. रजा वाढवायलाही एरवी हरकत नाही, कारण खरं असेल तर : दिवसभर बोलून चेहरा थकत असेल, प, ब, म असे ओठांचे उच्चार अजून निसटत असतील, खडूच्या धुळीचा डोळ्याला त्रास होणार असेल. पण ‘कुणी पाहू नये’ एवढ्यासाठी वाढवली, तर रजा जितकी लांबेल तितकं परतणं अवघड होईल, आणि दातांच्या थापेत रोज भर घालावी लागेल. सहा आठवडे चालणारं दातांचं काम आता ऐकणाऱ्यालाही जड जात असेल.

मला विचाराल तर एक मधला मार्ग आहे. मुख्याध्यापकांना एकट्यांना भेटा आणि खरं सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. पहिले दोन-तीन आठवडे कमी तासिका मागा, जमल्यास सलग नकोत. फळ्यावरचं काम एखाद्या विद्यार्थ्याकडून करून घेता येईल. सहकाऱ्यांपैकी एकीला आधी सांगून ठेवा, म्हणजे बाकीच्यांना सांगण्याचं काम परस्पर होतं. आणि वर्गात पहिल्या दिवशी पहिल्याच मिनिटाला, हजेरीच्या आधी : “माझ्या चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेला सूज आली होती. ती बरी होते आहे. संसर्गाचा आजार नाही. बोलताना एखादा शब्द कळला नाही तर हात वर करा.” एवढंच. मुलं पहिला तास टक लावून बघतील. एखादा नक्कलही करेल. त्याला तुम्ही एरवी जसं हाताळता तसंच हाताळा. दुसऱ्या दिवसापासून त्यांना परत गृहपाठाचीच चिंता असेल.

हे वाचूनही पोटात गोळा येत असेल, दाराची घंटा वाजली तरी आत पळावंसं वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. चेहरा लुळा पडल्यावर मन खचणं अगदी नेहमीचं आहे. आपलं हसू समोरच्याला हसू म्हणून पोचत नाही, तेव्हा समोरचाही हसायचा थांबतो, आणि माणूस नकळत एकटा पडतो. त्यासाठी समुपदेशकाकडे जाणं ही चैन नाही.

घरातल्या भांडणाबद्दल मी थोडंच सांगेन. आईंना कारण हवं आहे, कारण कारण सापडलं की ते टाळता येतं आणि लेक पुन्हा सुरक्षित होते. त्यांना हातात दुसरं काम द्या : थेंबांच्या वेळा सांभाळणं, किंवा मावशींना फोन करून त्यांना नेमकं काय झालं होतं, कितव्या वर्षी, पूर्ण बरं झालं का, त्यांना मधुमेह आहे का, हे विचारून घेणं. तुमच्या डॉक्टरांना ही माहिती उपयोगी पडेल. आणि नवऱ्याला, तो चुकला नव्हता हे तुम्ही स्वतः सांगा. ते आईंच्या तोंडून यायची वाट पाहू नका.

हा त्रास पुन्हा होऊ शकतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल : साधारण ७ ते १२ टक्के लोकांना आयुष्यात पुन्हा कधी तरी होतो, त्याच किंवा दुसऱ्या बाजूला. झाला तर पहिल्याच दिवशी डॉक्टर, या वेळी गेलात तसंच. आणि पुन्हा झाल्यास अधिक तपासण्या करायला त्यांना सांगायचं.

आता कॅलेंडरवर दोन खुणा करा. एक या आठवड्यात, साखर आणि रक्तदाबासाठी. दुसरी आजार सुरू झाल्याला तीन महिने होतील त्या दिवशी. तोवर चेहरा पूर्ण परतला नसेल, किंवा मध्येच काही नवं लक्षण दिसलं किंवा आलेली हालचाल पुन्हा जायला लागली, तर नुसत्या धीरावर भागवू नका, कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे पुन्हा तपासणी करून घ्या. जाताना महिन्या-महिन्याचे चार फोटो न्या : शांत चेहरा, भुवया उचललेल्या, डोळे मिटलेले, हसताना. पहिला फोटो आज काढा.